उकळलं की औषध जातं? नाही हो
आपल्या बेळगाव-खानापूरच्या ग्रुपवर फिरतंय की बाजारातल्या ब्रॉयलरला हार्मोनचं इंजेक्शन मारतेत आणि चिकन चांगलं उकळलं की सगळं निघून जातं. दोन्ही चूक बघा. ४० दिवसांत २ किलो भरतंय ते निवडक जात आणि खाद्यामुळं, हजारो पक्ष्यांना सुई टोचत बसायला कुणाला परवडतंय! खरी भानगड अँटिबायोटिकची. औषध दिल्यावर ठरलेले दिवस थांबून मग पक्षी विकायचा असतोय, नाही थांबलं तर अंश मांसात राहतो, आणि उकळल्यानं जंतू मरतेत पण एन्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध बरंचसं टिकतंय, थोडं रश्श्यात उतरतं एवढंच. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना २०१९ पासून बंदच आहे. बाजारात जिवंत कोंबडी घेताना बिल मिळत नाही, निदान औषध कधी थांबवलं ते तरी विचारा.