टेप घेऊन दारात उभे राहा, मग लिहा

"इमारतीत दिव्यांगांसाठी सर्व सुविधा उपलब्ध आहेत." ग्रंथालय असो, नाट्यगृह असो की संग्रहालय, माहितीच्या पानावर हे वाक्य हमखास सापडतं. माझं स्पष्ट मत आहे की हे लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडावी. काहीच लिहिलेलं नसलं तर माणूस निदान फोन करून विचारतो. हे वाक्य वाचलं की तो विश्वासानं निघतो आणि दारात अडकतो.

व्हीलचेअरचं निळं चिन्ह १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलं. डोक्याचा गोल त्याला नंतर जोडला गेला. दुरून चटकन ओळखू यायला ते चिन्ह उत्तमच आहे. पण व्हीलचेअरवर येणारा, पांढरी काठी घेऊन येणारा, कमी ऐकू येणारा, गोंगाटानं बेजार होणारा, अशा सगळ्यांची बोळवण त्या एका पाटीवर होते. रॅम्प झाला, पाटी लागली, विषय संपला.

वर्णन लिहायचं तर पाहुणा ज्या क्रमानं येतो त्याच क्रमानं लिहा: फाटक, गाडी लावायची जागा, वाट, दार, काउंटर, लिफ्ट, सभागृह, स्वच्छतागृह. प्रत्येक ठिकाणी आकडा द्या.

"रॅम्प आहे" एवढ्यानं काहीच कळत नाही. उतार किती ते सांगा. १:१२ हे सर्वमान्य प्रमाण आहे, म्हणजे १५ सेंमीची एक पायरी टाळायला १८० सेंमी लांबी लागते. तीन पायऱ्या असतील तर ५.४ मीटर. एवढी जागा नसते, मग तोच चढ ३ मीटरमध्ये कोंबतात. त्यावर चढताना खुर्ची मागे उलटायची भीती असते आणि ढकलणाऱ्याचीही दमछाक होते. उतार मोजायला इंजिनिअर लागत नाही. १ मीटरची सरळ पट्टी घ्या, एक टोक रॅम्पवर टेकवा, स्पिरिट लेव्हल लावून पट्टी आडवी समपातळीत धरा आणि उताराकडच्या टोकाखाली किती अंतर राहतं ते मोजा. ८.३ सेंमीच्या आत असेल तर १:१२ जमलं. १५ भरलं तर "सोबत मदतनीस हवा" असं सरळ लिहून टाका. रॅम्पच्या माथ्यावर सपाट जागा किती आहे तेही बघा. दार बाहेर उघडणारं असेल आणि तिथे दीड मीटर सपाट जागा नसेल, तर एका हातानं दार ओढताना खुर्ची मागे घरंगळते.

दाराच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात, कारण लोक चौकट मोजतात. दार ९० अंशांत उघडा आणि उघड्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत मोजा. ९० सेंमीची फळी असली तरी तिची जाडी आणि बिजागऱ्या धरून हाती ८५ किंवा त्याहून कमीच उरतात. अमेरिकी मानकात ही मोकळी रुंदी किमान ८१.५ सेंमी आहे. दोन झडपांचं दार असेल तर एकच झडप उघडून किती जागा मिळते ते लिहा, आणि दुसरीची कडी कोण काढणार हेही. उंबरठा १३ मिमीपेक्षा उंच असेल तर पुढची लहान चाकं त्यावर अडतात. दार आपोआप लावणारा क्लोझर फार घट्ट असेल तर हातात जोर नसलेल्याला तिथेच थांबावं लागतं. सामान तोलायचा हुकाचा काटा मुठीला अडकवून ओढून पाहा, आतली दारं सव्वादोन किलोच्या आत उघडायला हवीत.

लिफ्टची आतली लांबी-रुंदी आणि दाराची रुंदी द्या. ११० बाय १४० सेंमीच्या लिफ्टमध्ये एक व्हीलचेअर मावते, पण वळत नाही. बाहेर उलटंच यावं लागतं. समोरच्या भिंतीवरचा आरसा त्यासाठी असतो, केस नीट करायला नव्हे.

आता स्वच्छतागृह, कारण बाहेर पडायचं की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरतं. आत वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. ती नकाशात असते. प्रत्यक्षात तिथे फिनेलचे कॅन, मोडकी खुर्ची आणि पोछ्याची बादली असते. कमोडवर बसल्यावर मोकळी जागा डाव्या हाताला येते की उजव्या, हे लिहायलाच हवं, कारण खुर्चीतून सरकताना अनेकांची एकच बाजू चालते. बैठकीची उंची द्या, ४३ ते ४८ सेंमी बरी. आधाराचे दांडे कोणत्या बाजूला आहेत, घडी होतात की पक्के आहेत? दार आत उघडत असेल तर तेही नोंदवा, कारण आतला माणूस दारामागे पडला तर बाहेरून दार ढकलता येत नाही. आणि ती मदतीची लाल दोरी! तिचं टोक जमिनीपासून १० सेंमीवर लोंबायला हवं, म्हणजे पडलेल्याचा हात पोचतो. फरशी पुसताना मध्ये येते म्हणून कुणीतरी तिला वर गाठ मारून ठेवतं. त्या गाठीनं सगळी यंत्रणा निकामी होते. पाहणीला गेलात तर आधी गाठ सोडा. मग दोरी ओढा आणि कुणी येतं का, किती मिनिटांत येतं, तेही बघा.

अंधांसाठी उंचवट्यांची फरशी सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये जपानात तयार केली आणि १९६७ मध्ये ती ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसली. लांब पट्ट्या म्हणजे "या दिशेनं चला", गोल ठिपके म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे". शोभेसाठी सगळीकडे ठिपके बसवले की ही भाषाच मोडते. फरशी कुठून कुठवर आहे आणि कुठे तुटते ते लिहा. हे लिखाण स्कॅन करून चित्र म्हणून चढवू नका, मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षर वाचता येत नाही.

काउंटरवर कानाचं चिन्ह असेल, म्हणजे इंडक्शन लूप असेल, तर श्रवणयंत्राचं बटण "टी" या खुणेवर ठेवलं की काउंटरवरचा आवाज थेट यंत्रात येतो. बहुतेक वेळा लूप बसवलेला असतो, पण बटण बंद असतं आणि बसलेल्या कर्मचाऱ्याला ते कुठे आहे हेच ठाऊक नसतं. स्वतः चालू करून पाहिल्याशिवाय "आहे" म्हणू नका.

हात वाळवायच्या यंत्राचा आवाज, लुकलुकणारे दिवे, गर्दीच्या वेळा, बसायला बाक किती अंतरावर, यांना एकेक ओळ पुरते. आग लागल्यावर लिफ्ट वापरता येत नाही. मग वरच्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवाल्यानं कुठे थांबायचं आणि त्याला खाली कोण आणणार, हे मात्र सविस्तर हवं.

आणि नसलेलंही लिहा. नमुना म्हणून: "मुख्य दाराला २ पायऱ्या, प्रत्येकी १६ सेंमी, कठडा नाही. पायऱ्या टाळायच्या तर उजवीकडून ४० मीटरवर दुसरं दार. वाट फरसबंद, शेवटचे ५ मीटर खडी. दार आतून बंद असतं, बेल जमिनीपासून १ मीटरवर. पहिल्या मजल्यावर लिफ्ट जात नाही." यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वाचणारा पाच मिनिटांत ठरवू शकतो की यायचं, सोबत कुणाला आणायचं, की दुसरीकडे जायचं.

खाली मोजमापाची तारीख टाका. लिफ्ट बंद पडली तर त्याच दिवशी वरच ठळक अक्षरांत लिहा. संपर्कासाठी नुसता फोन नंबर देऊ नका, मेसेज पाठवता येईल असा नंबर आणि ईमेल द्या. ज्याला ऐकूच येत नाही तो फोनवर काय विचारणार?