शेतात ग्लायडर उतरल्यास काय करावे

सर्वात आधी ओरडावं, "विमान पडलं!" 'उतरलं' हा शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नये. उतरलेल्या विमानाला कोण विचारतो? पडलेलं बघायला माणसं लग्नाची पंगत सोडून येतात.

पुरावा समोरच असतो. ग्लायडरला पोटाखाली एकच मोठं चाक, त्यामुळे ते थांबलं की स्टँड न लावलेल्या सायकलीसारखं एका अंगावर कलतं आणि एक पंख जमिनीला टेकतो. तुम्ही म्हणायचं, पंख मोडला.

मग इंजिनाचा विषय काढावा. याला इंजिनच नसतं, असं आतला माणूस सांगेल. लक्ष देऊ नका, घाबरलेला माणूस काहीही बोलतो. २०१८ साली अर्जेंटिनात 'पर्लान २' हे ग्लायडर ७६ हजार फुटांच्या वर गेलं, म्हणजे मुंबई-दिल्ली विमान उडतं त्याच्या दुप्पट, आणि त्यालाही इंजिन नव्हतं. असेल, पण ते तिकडे. फुरसुंगीच्या रानात आलेल्या विमानाचं इंजिन बंदच पडलेलं असतं. बातमीदाराला तेवढं सांगा. 'प्रसंगावधान' आणि 'मोठा अनर्थ टळला' हे त्याच्याकडे तयार असतं.

वैमानिक आणखी बरंच सांगेल. घारी घिरट्या घालत होत्या, म्हणजे तिथे वर चढणारी हवा असणार, म्हणून आधी तिकडे गेलो; ती काही मिळाली नाही. मग हजारेक फुटांवरूनच हे रान हेरलं. ऊस टाळला, कारण उंच पिकात पंख अडकला की ग्लायडर गरकन फिरतं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधले. वाऱ्याची दिशा वीटभट्टीच्या धुरावरून घेतली. स्पर्धेत असं शेतात उतरलं तर तिथवरच्या अंतराचे गुणसुद्धा मिळतात. सगळं ऐकून घ्या, मान डोलवा आणि विचारा, "ते खरं, पण पडलं कसं?"

मी एकदा अशा गर्दीत उभा होतो. एका आजोबांनी विचारलं, "पेट्रोल संपलं व्हय?"

"यात पेट्रोल नसतं, बाबा."

"मग डिझेल?"

पोरगं बिचारं गुणी. त्यानं वर फिरणारी घार दाखवली. "तिच्यासारखं असतं हे." आजोबा डोळ्यांवर हात धरून बराच वेळ घारीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती न्हाय पडत."

हात लावण्याबद्दल. पंखाच्या मागच्या कडेला एक फळी हलते. आधी अकरा जणांनी हलवून पाहिली असली तरी बारावं आपण व्हावं. डोक्यावरचं पारदर्शक झाकण काचेचं नसून प्लॅस्टिकचं असतं आणि त्यावर लगेच चरे पडतात. तेव्हा ते गळ्यातल्या टॉवेलनं, धुळीसकट, खसाखसा पुसून द्यावं. वैमानिक किंचाळेल. ते आभार समजावेत.

जमीन तुमची असेल तर पंचनामा हवाच. काढणी झालेल्या रानात एका चाकाची रेघ, एवढंच नुकसान. ती पावलांनी मोजेपर्यंत तीनशे माणसं शेजारच्या मेथीतून येऊन गेलेली असतात. मेथीचे पैसेही वैमानिकाकडेच मागावेत. तीनशे माणसं गावातली आहेत, उद्या त्यांची तोंडं बघायची आहेत.

(हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या आसपास राहणाऱ्यांना हे शिकवायला नको. बाल्कनीतून ग्लायडर दिसतं म्हणून फ्लॅट घ्यायचा आणि बाल्कनीतून ग्लायडर दिसतं म्हणून तक्रार करायची, हे तिथे जमतं. धावपट्टीवर सकाळचं चालणं चालू असताना मध्येच विमान आलं, तर शिस्त नाही ती विमानालाच.)

संध्याकाळी लांबलचक ट्रेलर घेऊन गाडी येते. इथे कंटाळून घरी जाणारे पस्तावतात. चौघं जण खिळी काढून दोन्ही पंख सुटे करतात, पंख एकीकडे, धड एकीकडे. सकाळपासून तुम्ही जे सांगत होतात ते अखेर डोळ्यांसमोर. फोन काढावा, तेवढ्यात त्यांच्यातला एक तुम्हालाच म्हणतो, "दादा, जरा हे टोक धरता का?"

धरा. फोटो मेव्हण्याला काढायला सांगा.