रंगीत नकाशे निरुपयोगी आहेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमच्या प्रतिक्रियेचा आशय असा : फुफ्फुसाच्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या किती वाढल्या हे बायोप्सीत दिसतं, गाठीचा आकार साध्या सीटीत कळतो, मग परफ्युजनच्या (ऊतीतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या स्कॅनच्या) रंगीत नकाशांची गरजच काय? नकाशांवरचा तुमचा संशय रास्त आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही.

बायोप्सीच्या तुकड्यावर सीडी३१ किंवा सीडी३४चं (वाहिन्यांच्या अस्तरावरच्या प्रथिनांचं) रंजन करून वाहिन्या मोजतात. त्यातून कळते ती त्या ठिकाणची, त्या दिवसाची संख्या. त्या वाहिन्यांतून रक्त वाहतं का, त्यांच्या भिंती किती गळक्या आहेत, हे कळत नाही. शिवाय गाठीची कड रक्ताने भरलेली आणि मधला भाग मेलेला असू शकतो; सुई कुठे लागली यावर उत्तर बदलतं. बेव्हॅसिझुमॅबसारख्या, नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाचा वाहिन्यांवरचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो, आणि तो पाहायला फुफ्फुसात पुन्हापुन्हा सुई घालणं म्हणजे दर वेळी न्यूमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाभोवती हवा साठण्याचा) आणि रक्तस्रावाचा धोका. आकाराचं म्हणाल, तर रेसिस्ट या गाठींचा प्रतिसाद ठरवण्याच्या प्रमाणित निकषात व्यासांची बेरीज ३० टक्के घटली की प्रतिसाद धरतात. पण अशा औषधांनी गाठ आतून पोकळ होते आणि बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो.

आता सीटी परफ्युजन. काँट्रास्टमधलं (शिरेतून देऊन रक्त उजळवणाऱ्या द्रव्यातलं) आयोडीन जितकं जास्त, तितके हाउन्सफील्ड युनिट (सीटीतलं घनतेचं माप) त्याच प्रमाणात वाढतात, म्हणून हिशेब सरळ असतो. साधारण ५० मिली काँट्रास्ट सेकंदाला ४-५ मिली वेगाने देऊन तोच भाग दर एक-दोन सेकंदांनी टिपायचा. घोळ होतो तो श्वासामुळे. श्वासपटलाजवळची (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याजवळची) गाठ श्वासागणिक एक-दोन सेंटिमीटर सरकते. गाठ ४० युनिटच्या आसपास, शेजारची हवा भरलेली फुफ्फुसाची ऊती उणे ८००च्या आसपास, आणि आपण शोधतोय वीस-तीस युनिटची वाढ! पिक्सेल जरा कडेला घसरला की नकाशावर दिसतो तो रक्तप्रवाह नसून हालचाल असते. त्यामुळे रुग्णाला उथळ श्वास घ्यायला सांगणं, नंतर प्रतिमा एकमेकींवर जुळवणं आणि मोजणीचं वर्तुळ कडेपासून आत ठेवणं, यांतलं एकही टाळता येत नाही. काँट्रास्ट उजव्या हातातून देऊन मागून सलाईन सोडावं, म्हणजे छातीतल्या शिरांमधल्या दाट काँट्रास्टचे पट्टे कमी येतात.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. फुफ्फुसाला फुफ्फुस धमनी आणि ब्रॉन्कियल धमन्या असा दुहेरी पुरवठा असतो, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचं पोषण बहुतांशी ब्रॉन्कियल धमन्यांतून, म्हणजे महाधमनीकडून होतं. काँट्रास्ट फुफ्फुस धमनीत काही सेकंद आधी पोहोचतो. गणितात फक्त तिलाच इनपुट, म्हणजे गाठीकडे येणाऱ्या रक्ताचा स्रोत, धरलं तर आकडा चुकतो. दोन्ही इनपुट घेऊन, हृदयाच्या डाव्या कर्णिकेत काँट्रास्ट शिखरावर पोहोचतो त्या क्षणाला सीमा मानून हिशेब वेगळा करावा लागतो.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण तिथल्या काँट्रास्टचा, गॅडोलिनियमचा, सिग्नल सरळ प्रमाणात वाढत नाही. आधी टी-१ नकाशा (काँट्रास्टआधी ऊतीचा मूळ एमआरआय गुणधर्म मोजणारा) घेतला नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे. त्यातून निघणारा केट्रान्स (काँट्रास्ट वाहिनीतून ऊतीत जाण्याच्या वेगाचा आकडा) प्रवाह आणि गळती या दोन्हींचं मिश्रण असतो. तो घटला म्हणून ‘वाहिन्या कमी झाल्या’ असं लिहिणं चूकच. पेट स्कॅनमधले आरजीडी ट्रेसर (किरणोत्सारी खूणद्रव्यं) वाढत्या वाहिन्यांवरच्या इंटिग्रिन या प्रथिनाला चिकटतात खरे, पण तेच इंटिग्रिन काही कर्कपेशींवर आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींवरही असतं.

निदानाबाबत तुमच्याशी सहमत आहे. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात काँट्रास्टनंतर १५ युनिटपेक्षा जास्त वाढ हा निकष लावल्यावर संवेदनशीलता (कर्करोग असलेल्या गाठी पकडण्याचं प्रमाण) ९८ टक्के, विशिष्टता (निरुपद्रवी गाठी बरोबर वगळण्याचं प्रमाण) मात्र ५८ टक्के निघाली. वाढ नसेल तर गाठ बहुधा निरुपद्रवी. वाढ असेल तर ती कर्करोगच असं नाही, क्षयाची सक्रिय गाठही उजळते. तिथे बायोप्सीला पर्याय नाही, जनुकीय तपासणीसाठी तर नाहीच.

इमेजिंगचा खरा उपयोग त्याच गाठीतला बदल मोजण्यात आहे, आणि तो मुख्यतः औषधांच्या चाचण्यांत. उपचाराआधी काही दिवसांच्या अंतराने दोन स्कॅन घ्यावेत. त्या दोहोंत जो फरक येतो तो मोजमापाचा गोंधळ. उपचारानंतरचा बदल त्याहून मोठा असेल तरच त्याला बदल म्हणायचं. मशीन, केव्ही (क्ष-किरण नळीचा दाब), काँट्रास्टचा वेग, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सगळं तेच हवं. आणि रंगीत नकाशा समोर आला की आधी गाठीची व महाधमनीची काळानुसार घनतेची वक्ररेषा मागून घ्या. ती करवतीसारखी दातेरी असेल तर नकाशा बाजूला ठेवा.