स्टेंटनंतरचं ‘जीन इंजेक्शन’ आणि गोळ्या सोडायचा सल्ला

सोलापुरात पूर्व भागापासून जुळे सोलापूरपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘स्टेंट टाकला तरी नळी पुन्हा बुजतेच. परदेशात जीन थेरपीच्या एका इंजेक्शनने ती कायमची मोकळी राहते. कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या फुकटच्या.’

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण माणूस दगावेल तो त्याच्यामुळे. स्टेंट म्हणजे हृदयाची नळी (रक्तवाहिनी) उघडी ठेवायला आत बसवलेली जाळी. नळी पुन्हा अरुंद होते ती हळूहळू, काही महिन्यांत, आतल्या बाजूला स्नायूपेशी वाढून. त्यासाठी या गोळ्या नाहीतच. स्टेंटवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या असतात, आणि गुठळी नळी अचानक बंद करते. म्हणून दोन गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर, पुढे बहुधा त्यातली एक कायम. दात काढायचाय किंवा गड्डा यात्रेच्या धामधुमीत राहून गेलं, अशा कारणांनीही त्या परस्पर बंद करू नयेत. मुदत डॉक्टरच ठरवतील.

‘बुजतेच’ हे नळी नुसत्या फुग्याने रुंद करायच्या (अँजिओप्लास्टी) काळातलं. १९७७ मध्ये झुरिचला ग्रुएंटझिग यांनी हृदयाच्या नळीची पहिली अँजिओप्लास्टी केली. त्या पद्धतीत साधारण तिघांत एकाची नळी पुन्हा अरुंद व्हायची. धातूच्या स्टेंटने ते घटलं. औषध लावलेल्या स्टेंटनंतर बहुतेक रुग्णांत प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आलं. मधुमेह असेल, नळी बारीक असेल, तर धोका जास्त.

आता ‘दाबून ठेवलंय’. उलट, हे सगळं उघडपणे करून पाहिलंय. फिनलंडमधल्या कुओपिओत अँजिओप्लास्टीच्या वेळीच १०३ रुग्णांवर चाचणी झाली. नवीन रक्तवाहिन्यांना चालना देणारं जनुक (जीन) काहींच्या हृदयाच्या नळीत सोडलं. २००३ मध्ये निकाल आला: रक्तपुरवठ्यात थोडी सुधारणा दिसली, पण नळी पुन्हा अरुंद होण्यात फरक नाही. अमेरिकेत बायपाससाठी काढलेली पायाची शीर जोडण्याआधी डीएनएच्या एका तुकड्यात भिजवली. पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाला चकवायचं, हा डाव. रुग्ण तीन हजारांवर, खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीचाच. २००५ चा निकाल: औषधवाल्यांत ४५.२ टक्के रुग्णांची जोडलेली शीर निकामी, बिनऔषधाच्यांत ४६.३ टक्के. दाबायला उरलं काय?

गंमत अशी की, जनुकाकडून जे हवं होतं ते सिरोलिमसने केलं. पेशींचं विभाजन थांबवायचं औषध, थेट स्टेंटवर लावलेलं, जिथे गरज तिथेच. जनुकवाल्यांची अडचण तीच होती: जनुक नळीच्या भिंतीतल्या पुरेशा पेशींत पोचवायचं कसं?

आणि ‘एक इंजेक्शन’? गल्लत बहुधा इन्क्लिसिरान या कोलेस्टेरॉलवरच्या इंजेक्शनशी झाली असावी. सुरुवातीचे डोस झाले की वर्षातून दोनदा टोचतात. ते यकृतात काम करून वाईट कोलेस्टेरॉल उतरवतं. जनुक बदलत नाही, बुजलेला स्टेंट मोकळाही करत नाही.

स्टेंट खरोखर अरुंद झालाच, तर औषध लावलेला फुगा किंवा दुसरा स्टेंट, हे आजचे उपाय आहेत. जिना चढताना छाती पुन्हा भरून यायला लागली तर तडक डॉक्टरकडे जा. बसल्या जागी दुखणं थांबेना तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता १०८ लावा.