फुल फ्रेमच्या त्या मेसेजला उत्तर

लग्नसराई सुरू व्हायच्या आधीपासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हिडिओवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: प्रोफेशनल व्हायचं तर फुल फ्रेम कॅमेराच घ्या, तोच सिनेमाचा साइज. लेन्स कायमची जोडलेला कॅमकॉर्डर भंगारात काढा. मेगापिक्सेल जास्त तितकं चित्र सरस. सगळं फोर-के, सेकंदाला ६० फ्रेममध्ये घ्या. एडिटिंगच्या मशीनला सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड घातलं की ते अडकत नाही. फुकटचं सॉफ्टवेअर शिकाऊ पोरांसाठी असतं. आवाजाचं काय, तो नंतर सुधारता येतो.

हा मेसेज वाचून माझ्या ओळखीची दोन पोरं सोसायटीचं कर्ज काढायला निघाली होती, म्हणून लिहायला बसलो.

सिनेमाच्या साइजचं आधी बघू. फुल फ्रेम म्हणजे सेन्सर, उजेड टिपणारी पट्टी, ३६ बाय २४ मिलिमीटरची, आणि हा फोटोच्या कॅमेऱ्याचा साइज आहे. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर रीळ उभं धावतं, त्यामुळे फ्रेम लहान पडते. सिनेमात चालणाऱ्या सुपर ३५ ची फ्रेम सुमारे २५ बाय १९ मिलिमीटरची, म्हणजे आज एपीएस-सी म्हणतात त्या लहान सेन्सरच्या जवळची. सोनीचा एफएक्स ३० हा २०२२ साली आलेला कॅमेरा याच साइजचा आहे आणि तो १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतो, ४:२:२ म्हणजे नेहमीच्या ४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मिळतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिकट चित्र शूट करून नंतर रंग ओढणाऱ्याला सेन्सरच्या साइजपेक्षा या आकड्यानं जास्त फरक पडतो. ८-बिट लॉग ओढला की संध्याकाळच्या आभाळात पट्टे उठतात.

फुल फ्रेमचा फायदा अंधारात आहे, ते मी नाकारत नाही. सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या दुपटीहून जास्त, म्हणून लेन्स तेवढीच उघडी ठेवून साधारण सव्वा स्टॉप पदरात पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आपल्याकडे रात्रभर चालते, तिथे हा सव्वा स्टॉप कामाला येतो. पण त्याच कॅमेऱ्यावर लेन्स एफ १.८ पर्यंत (आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी) उघडून अंतरपाटाजवळ उभं राहिलात तर नवरी फोकसमध्ये आणि नवरा धुरकट, असंच चित्र येणार. मग लेन्स एफ ४ पर्यंत बंद करावी लागते, आणि अंधारातली कमाई तिथेच खर्च होते.

कॅमकॉर्डर भंगारात काढा, हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. आपल्या भागातली कामं डोळ्यांसमोर आणा. कडोली, उचगाव, येळ्ळूरची साहित्य संमेलनं: सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, मग कवी संमेलन. दिवसभर कॅमेरा स्टँडवर, आणि अध्यक्षांचं भाषण एका वाक्यालाही तुटता कामा नये. सेकंडहँड मिळणाऱ्या कितीतरी मिररलेस आणि डीएसएलआर बॉडी २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. अर्ध्या तासाच्या वर रेकॉर्ड करणारं यंत्र युरोपच्या जकातीत व्हिडिओ कॅमेरा ठरायचं आणि त्यावर जादा कर बसायचा, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. पुढे तो कर गेला, पण जुन्या बॉडीतली मर्यादा आहे तशीच आहे. जुनी बॉडी विकत घेताना दुकानातच चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग लावून बघा.

कुस्तीचं मैदान घ्या. आखाड्याच्या कडेला गर्दी, तुम्हाला जागा मिळते ती लांब. पैलवान इकडून तिकडे सरकतात आणि डाव दोन सेकंदांत लागतो. तिथे लेन्स बदलायला वेळ कुठला? सोनीच्या एनएक्स १०० सारख्या जुन्या कॅमकॉर्डरला एक इंची सेन्सर, १२ पट ऑप्टिकल झूम, माइकसाठी दोन एक्सएलआर इनपुट आणि उन्हात उजेड कमी करायला आतच बसवलेले एनडी फिल्टर आहेत. तो फुल एचडीच देतो. पण कुस्ती निकालापर्यंत सलग देतो, आणि कमिटी तेवढ्याचेच पैसे मोजते.

मेगापिक्सेलबद्दल दोनच वाक्यं. फोर-केची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, अर्थात ८.३ मेगापिक्सेल. रात्रीच्या व्हिडिओसाठी नावाजलेला सोनीचा ए७एस ३ मुद्दाम १२ मेगापिक्सेलचाच बनवला आहे.

आता ६० फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची. कार्यालयातले ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी तिच्या तालावर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेरा ६० वर आणि शटर १/६० ठेवलं की तो ताल जुळत नाही, आणि भिंतीवरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. रंग सुधारून ते जात नाहीत. मेनूत पाल, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी पद्धत, निवडा, २५ किंवा ५० फ्रेम ठेवा, शटर १/५० किंवा १/१००. स्टेजमागच्या एलईडी पडद्याचं गणित निराळं, तिथे पाहुणे यायच्या आत चाचणी घेतलेली बरी. फोर-के कामाचा आहे तो एकट्यानं मुलाखत घेताना: एकाच शॉटमधून जवळची फ्रेम कापता येते. पण १०० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट लिहिताना, तासाला ४५ जीबी जातात. दोन कॅमेरे, पाच-पाच तास, म्हणजे ४५० जीबी, आणि दुसरी प्रत धरून ९००. या हार्ड डिस्कचे पैसे ऑर्डर घेताना धरणारा मला क्वचितच भेटतो.

एडिटिंगच्या मशीनवर जरा थांबतो, कारण खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचं यातच नुकसान झालं. त्यानं एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेतलं महाग ग्राफिक्स कार्ड घेतलं. त्याचा कॅमेरा एच.२६५ या फाइल दाबून लहान करणाऱ्या पद्धतीत १०-बिट ४:२:२ लिहायचा, आणि एडिटिंगची टाइमलाइन दोन सेकंदांत अडकायची. कार्डात दोष नव्हता. ४:२:२ ची फाइल उलगडणारा भाग त्या मालिकेत नाहीच, तो २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत आला. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स मात्र हे काम करतं. पण असेंबल करणाऱ्यानं थोडे पैसे वाचवायला त्याला नावापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर घातला होता. ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. हजार-दोन हजारांच्या बचतीपायी सबंध मशीन आंधळं झालं.

एच.२६५ मध्ये बहुतेक फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात, म्हणून एक फ्रेम दाखवायला मशीनला दहा उलगडाव्या लागतात. त्या मुलाला आम्ही प्रॉक्सी करायला शिकवलं: रात्री फाइलींच्या हलक्या प्रती बनवायला लावायच्या, सकाळी त्यांच्यावर कापाकापी, शेवटचं रेंडर मूळ फाइलींवरून. नवीन पैसा एक लागला नाही. दुसरी वाट म्हणजे ऑल-इंट्रा, जिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. पण सोनीत फोर-के २५ फ्रेमला ते २५० एमबीपीएस खातं, म्हणजे तासाला ११२ जीबी. लग्नाला हे परवडत नाही, दोन मिनिटांच्या जाहिरातीला परवडतं.

फुकटच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० बाय २१६० पर्यंत, ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट देते. नॉइज रिडक्शनसारख्या गोष्टी पैसे भरलेल्या आवृत्तीत आहेत, आणि ते पैसे एकदाच भरायचे असतात. एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर ज्याचा हात बसलाय त्यानं भर हंगामात ते सोडू नये.

राहिला आवाज. मिक्सरवाल्याला आधी गाठून आवाजाची थेट लाइन घ्या, भटजींना कॉलर माइक लावा, रेकॉर्डिंगची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. वर आपटून फाटलेला आवाज धड दुरुस्त होत नाही. गोंगाटातून बोलणं वेगळं काढणारी साधनं आता चांगली झालीत, पण माइकपर्यंत जे पोचलंच नाही ते कुठून काढणार? काही वर्षांपूर्वी एका लग्नात घाणा भरताना नवऱ्याच्या आजीनं ओव्या म्हटल्या होत्या. मी कॅमेरा उत्तम लावला होता, माइक कॅमेऱ्यावरचाच. आजी गेल्यावर घरच्यांनी फक्त तेवढा आवाज मागितला. रेकॉर्डिंगमध्ये दारातला बँड होता, भांड्यांचा आवाज होता. मी चार रात्री बसलो, आजीचे ओठ हलताना स्वच्छ दिसत होते, आणि ओवीचा एक शब्द निघाला नाही.