सहा महिन्यांत कोणी नवजात कक्षाची नर्स होत नाही

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: सहा महिन्यांचा ‘एनआयसीयू (नवजात अतिदक्षता कक्ष) नर्स’ कोर्स करा, विज्ञान, गणित कशाचीही गरज नाही, एसी कक्षात लहान बाळे सांभाळायचे हलके काम, बाकी सगळे मशीनच पाहते, मुलांची आवड एवढीच पात्रता, दोन वर्षांत परदेशात नोकरी. यंदा तो मला भाचीने पाठवला, खाली “मावशी, हे खरं आहे का? तू तर तिथेच असतेस,” असे विचारून. मी नवजात अतिदक्षता कक्षात परिसेविका आहे. तिला फोनवर जे सांगितले, तेच इथे जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी सहा महिन्यांचे पाहू. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचे तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमानंतरच मिळते. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) होण्यास दोन वर्षे, जीएनएम (सामान्य परिचारिका व प्रसाविका) पदविकेला तीन आणि बीएस्सी नर्सिंगच्या पदवीला चार वर्षे लागतात. नवजात शिशूंची शुश्रूषा ही त्यावर चढवायची पायरी आहे. तिच्यासाठी एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका आहे, पण तिला प्रवेश नोंदणीकृत परिचारिकेलाच मिळतो. यावर कोणी म्हणेल की सरकारी जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, तर चार दिवसांच्या वर्गावर आणि दोन आठवड्यांच्या निरीक्षणावर परिचारिका तयार करतात. ते खरे आहे. मात्र त्या वर्गात बसणारी प्रत्येक जण आधीच अधिपरिचारिका, म्हणजे नोकरीत असलेली स्टाफ नर्स, असते, तिने प्रसूतिगृहात आणि बालरुग्ण विभागात हात चालवलेले असतात. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर फार तर मदतनिसाचे काम मिळते. त्या कामात कमीपणा काही नाही, पण त्याला नर्सिंग म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

विज्ञानाच्या अटीबाबत संदेश अर्धा खरा आहे, हेही मान्य केले पाहिजे. बीएस्सीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते; जीएनएमला कला शाखेची मुलेही अर्ज करू शकतात, आणि त्यांतल्या कित्येक जणी उत्तम काम करतात.

गणिताची गरज नाही, हे वाक्य मात्र मला सर्वांत धोकादायक वाटते. ९०० ग्रॅमचे बाळ आहे आणि डॉक्टरांनी जेंटामायसिन हे प्रतिजैविक ४ मिलिग्रॅम लिहिले आहे, असे समजा. हातात येणाऱ्या नेहमीच्या कुपीत २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे बाळाला हवे फक्त ०.१ मिलिलिटर. एवढेसे औषध सिरिंजमध्ये धड मोजताही येत नाही. थोडे सुईच्या बुडाशी अडकून राहते. म्हणून कुपीतले १ मिलिलिटर घेऊन ते १० मिलिलिटरपर्यंत पातळ करायचे आणि त्यातले १ मिलिलिटर द्यायचे. आता पहाटे चार वाजता एखादीने पातळ करण्याची पायरी गाळली आणि कुपीतले १ मिलिलिटर थेट दिले, तर बाळाला दसपट औषध गेले, आणि हे औषध मूत्रपिंडाला व कानाला अपाय करणारे आहे. म्हणूनच आमच्याकडे दुसऱ्या सिस्टरने तेच गणित स्वतंत्रपणे, पहिलीचा कागद न पाहता, करून पडताळल्याशिवाय औषध दिले जात नाही. सलाइनचेही तसेच. एक किलोच्या बाळाला पहिल्या दिवशी साधारण ८० मिलिलिटर द्रव द्यायचा, तर सिरिंज पंपावर ताशी ३.३ लावायचे. दशांश चिन्ह सुटून ३३ लागले की दिवसभराचा द्रव अडीच तासांच्या आत शरीरात उतरतो. एवढ्या बाळाच्या अंगात रक्त सारे मिळून ८०–९० मिलिलिटर असते. तपासणीसाठी घेतलेले प्रत्येक मिलिलिटर हिशेबात धरावे लागते. नववी-दहावीचे दशांश अपूर्णांक आणि त्रैराशिक, एवढेच हे गणित आहे. ते झोपेत आणि घाईतही चुकता कामा नये.

यंत्रे सगळे पाहतात, या दाव्याला रेडियंट वॉर्मरचेच, म्हणजे बाळाला वरून ऊब देणाऱ्या यंत्राचेच, उदाहरण पुरे आहे. बाळाच्या पोटावर चिकटवलेला प्रोब त्वचेचे तापमान मोजतो आणि त्यानुसार वॉर्मर उष्णता कमी-जास्त करतो. प्रोब सुटून गादीवर पडला की वॉर्मरला वाटते बाळ गार पडले आहे, आणि तो इमानेइतबारे अधिकाधिक तापत राहतो. अलार्म वाजतो, पण अलार्म दिवसभर कशा ना कशासाठी वाजतच असतात. कोणता वाजला की धावायचे आणि कोणता वाजला की आधी बाळाकडे पाहायचे, हे कानाला शिकवावे लागते. ऑक्सिजनचेही तेच आहे. कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन लावल्यावर रक्तातले प्रमाण साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवायचे असते. मॉनिटरवर १०० दिसले की नवख्या मुलींना हायसे वाटते. खरे तर तो धोक्याचा आकडा आहे, कारण जादा ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्या बिघडतात आणि दृष्टीही जाऊ शकते.

काविळीच्या बाळांना आज ज्या फोटोथेरपीखाली, म्हणजे उपचाराच्या दिव्याखाली, ठेवतात, तिचा उगम एका परिचारिकेच्या नजरेतच आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना उन्हात फिरवून आणत असत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याची उन्हात राहिलेली त्वचा फिकी झाली होती आणि कापडाखाली झाकलेला तुकडा पिवळाच होता. त्या निरीक्षणाचा पाठपुरावा झाला आणि १९५८ मध्ये दिव्याच्या उपचाराचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळे दगावली. तेव्हापासून माझ्या कक्षात रुजू होणाऱ्या मुलीला मी व्हेंटिलेटर दाखवण्याआधी अग्निशामक, मुख्य स्विच आणि बाहेर पडण्याचे दार दाखवते.

हलके काम म्हणाल तर वजन खरेच हलके असते, ७०० ग्रॅमपासून सुरू होते. मात्र एसएनसीयूमध्ये एका पाळीत एका परिचारिकेकडे तीन-चार बाळे असणे अपेक्षित असते आणि बाळे वाढली म्हणून हात वाढत नाहीत. मुलांची आवड ही पात्रताही मला संशयास्पद वाटते. आवड असलेल्या मुलीला बाळ उचलावेसे, थोपटावेसे वाटते. या कक्षात शिकायचे असते ते न हात लावणे. तापमान, लंगोट, कूस बदलणे, नळीने दूध ही कामे एकत्र उरकून मध्ये त्याला झोपू द्यायचे. श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचे, कारण अशा बाळाचा श्वास काही सेकंद थांबतो आणि पुन्हा चालू होतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा खोटा येतो. आवडीचे जे काही उरते ते आईसाठी वापरावे. कांगारू पद्धतीने बाळ छातीशी घेताना तिचे हात थरथरत असतात, आणि बाहेर सासू विचारत असते, “एवढंसं कसं जगणार हो, सिस्टर?”

भाचीला मी तयारीचे एवढेच सांगितले: नर्सिंगला प्रवेश मिळाल्यावर प्रसूतिगृहाची नाइट ड्युटी टाळू नकोस, आणि जन्मलेल्या बाळाने श्वास घेतला नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचे, ते पुतळ्यावर इतके घोट की हात विचारायला थांबणार नाहीत.

परदेशाबद्दल फार लिहायला नको. अमेरिकेत एनसीएलएक्स आणि ब्रिटनमध्ये सीबीटी व ऑस्की या नर्सिंगच्या परवाना-परीक्षांना बसायला आधी पूर्ण नर्सिंगची पात्रता लागते. ब्रिटनला इंग्रजीचीही कसोटी द्यावी लागते. अमेरिकेतले नवजात अतिदक्षता शुश्रूषेचे आरएनसी-एनआयसी प्रमाणपत्र मिळवायचे तर त्या कामाचा २४ महिन्यांचा आणि किमान २,००० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. तिथेही प्रमाणपत्र अनुभवानंतर येते, संदेशात ते आधी आहे.

संदेशाखालच्या क्रमांकावर मी स्वतः फोन केला आणि एकच विचारले, की या कोर्सनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते का. “सर्टिफिकेट मिळेल, मॅडम,” असे उत्तर आले. प्रश्न तीनदा विचारला, उत्तर तीनदा तेच आले. चौथ्यांदा विचारण्याआधी फी दोन हप्त्यांत भरता येईल, असे त्यांनी सांगितले.