आधी राग, मग कारणं

सूडावरच्या एका लेखात म्हटलंय की शेजाऱ्याने कुरापत काढल्याशिवाय कुणी सूडाला पेटत नाही. नाही पटलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या माणसाने माझं काहीही वाकडं केलं नव्हतं, तरी दोन वर्षं तो डोळ्यांत खुपत होता. राग आधी आला, कारणं मी मागाहून गोळा केली: रात्री खुर्ची सरकवतो, जिन्यात भेटला की हसतो (हसला नसता तर माजोरडा ठरला असता!). शेवटी एका रात्री खाली जाऊन त्याच्या स्कूटरच्या मागच्या चाकातली हवा सोडली. ती फुस्स... खोटं कशाला बोलू, जाम बरं वाटलं. झुरिचच्या संशोधकांनी २००४ मध्ये मेंदूचे स्कॅन काढून दाखवलंय की दगाबाजाला शिक्षा देताना सुखाशी संबंधित भाग जागा होतो. पण कार्ल्समिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या प्रयोगांत वचपा काढणारेच तो विषय जास्त घोळवत बसले आणि जास्त नाराज राहिले. माझंही तेच. सकाळी तो चाकापाशी उकिडवा बसून पंप मारत होता. मला म्हणाला, "तुमची पण गाडी बघून घ्या हो, पोरं हवा काढतायत." तेव्हापासून त्या खुर्चीचा आवाज आणखीच मोठा येतो.